लंगोटाच्या जागी पुन्हा पुन्हा येणारे पुरळ: मलम बदलण्याआधी काय तपासावे

माझ्या मुलीला सातव्या महिन्यात पहिल्यांदा लंगोटाच्या जागी पुरळ उठले, ते चार दिवसांत बरे झाले आणि आम्ही विसरूनही गेलो. त्यानंतर वर्षाची होईपर्यंत ते आणखी चार वेळा परतले. प्रत्येक वेळी घरात नवे मलम आले, प्रत्येक वेळी ते लागू पडल्यासारखे वाटले आणि काही दिवस जातात न जातात तोच शू झाल्याबरोबर बाळ कळवळून रडू लागले, की लंगोट सोडताच पुन्हा तोच लालभडक भाग दिसे. सांगलीतल्या आमच्या घरी तोवर फ्रिजच्या दारात चार अर्धवट पिळलेल्या ट्यूब उभ्या राहिल्या होत्या. एकदाच येणाऱ्या पुरळाला मलम पुरते. परतणाऱ्या पुरळाचे कारण मात्र घरात कुठेतरी शाबूत असते आणि मलम लावून ते जात नाही, हे उमगायला मला चार महिने लागले. ते कारण कसे शोधावे आणि शोधताना आम्ही कुठे चुकलो, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पुरळ का उठते हे आधी समजून घेतले तर पुढचा शोध सोपा जातो. सतत ओलीत राहिलेली त्वचा, बराच वेळ धुणे धुतल्यावर बोटे होतात तशी, फुगून मऊ पडते आणि मग साध्या कापडाचे घासणेही तिला सोसत नाही. त्यात शी आणि शू एकत्र आली की शीमधल्या जीवाणूंचे युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) शूमधल्या युरियाचा अमोनिया करते, त्वचेचा सामू (पीएच) वाढतो, म्हणजे तिची आम्लता घटते, आणि वाढलेल्या सामूत शीमधली प्रथिने व चरबी पचवणारी विकरे अधिक जोमाने काम करू लागतात. म्हणजे अन्न पचवण्यासाठी असलेली द्रव्ये बाळाच्या कातडीवरच चालू लागतात. म्हणून नुसत्या शूने ओला झालेला लंगोट थोडा वेळ राहिला तर फारसे बिघडत नाही, पण शी झालेला लंगोट क्षणभरही ठेवू नये. पातळ शी तर आणखी वाईट, कारण आतड्यातून ती लवकर बाहेर पडत असल्यामुळे तिच्यात ही विकरे अधिक शिल्लक राहतात. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांना हा त्रास तुलनेने कमी होतो आणि नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास, वरचे अन्न सुरू होऊन शी बदललेली असते तेव्हा, तो सर्वाधिक दिसतो. माझ्या मुलीचे बहुतेक प्रकरण याच काळातले आहे.

पुरळ नेमके कुठे आहे

हे भरपूर उजेडात, बाळाचे पाय उघडून आणि जांघेची घडी दोन बोटांनी अलगद फाकवून पाहावे. आम्ही पहिले दोन महिने ते तसे पाहिलेच नव्हते. लाल दिसले की मलम थापत होतो.

ढुंगणाचे उंचवटे, ओटीपोटाचा खालचा भाग आणि मांड्यांची आतली बाजू लाल असून घड्यांचा तळ मात्र स्वच्छ असेल, तर बहुधा ते ओल आणि घर्षणाचे साधे पुरळ असते, कारण कापड उंचवट्यांना लागते, घडीच्या तळाशी पोहोचत नाही. याउलट घड्यांच्या आतच गडद लाल रंग असेल, त्याची कड ठळक असेल आणि कडेपासून थोड्या अंतरावर लाल ठिपके किंवा बारीक पुटकुळ्या, मूळ गावाभोवती वाड्यावस्त्या विखुरलेल्या असाव्यात तशा दिसत असतील, तर कँडिडा नावाच्या बुरशीचा संशय घ्यावा. साधे पुरळही तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळले तर त्यावर ही बुरशी अनेकदा येऊन बसते. कंबरेला आणि मांडीच्या बाजूला, जिथे डायपरचे इलॅस्टिक किंवा चिकटपट्टी येते तेवढाच पट्टा लाल असेल, तर त्या विशिष्ट डायपरचे वावडे असण्याची शक्यता असते आणि कंपनी बदलून पाहणे योग्य ठरते. सुगंधी ओल्या वाइप्समधल्या टिकाऊपणासाठी घातलेल्या द्रव्यांचेही असे वावडे होऊ शकते. शीच्या जागेभोवती चक्रासारखा लालबुंद, दुखरा पट्टा दिसला तर ते जीवाणूंचे दुखणे असू शकते. त्याला पोटातून प्रतिजैविक द्यावे लागते आणि घरी कितीही मलम लावले तरी ते हटत नाही.

कॅलेंडरवरची तीन अक्षरे

तिसऱ्या खेपेनंतर मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, त्या त्या तारखेच्या चौकोनात एखादे अक्षर लिहू लागले. पुरळ दिसले की ‘ल’, शी पातळ झाली की ‘पा’, आणि सासरी जतला गेलो की ‘ज’. जे महिने उलटून गेले होते त्यांचे आठवेल तेवढे मागे जाऊन भरले. दोन महिन्यांची पाने शेजारी धरल्यावर दिसले ते असे, की एक ‘ल’ प्रतिजैविकाच्या औषधानंतर आला होता, एक ‘पा’च्या ओळीमागून आला होता आणि उरलेले दोन्ही ‘ज’च्या तिसऱ्या दिवशी उगवले होते. एकाच बाळाच्या एकाच जागेवरच्या पुरळाची तीन वेगळी कारणे निघावीत हे मला तोपर्यंत सुचलेही नव्हते, कारण आम्ही सगळेजण एकाच दोषीचा शोध घेत होतो. सासूबाईंच्या मते दोषी डायपर होता, माझ्या आईच्या मते दात, आणि माझ्या मते फ्रिजमधले शेवटचे मलम. दातांचे म्हणाल तर दात येण्याच्या आणि पुरळाच्या वयाची गाठ पडते एवढेच. पुरळ दिसले की ‘दातांचे आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

जतचा उलगडा सर्वांत अवघड गेला, म्हणून तोच जरा सविस्तर सांगते. सांगलीहून जतपर्यंतच्या एस.टी.च्या प्रवासात बाळाला एकच डायपर राहायचा, त्यामुळे प्रवास बाधत असणार असे आम्ही धरून चाललो होतो. दुसऱ्या खेपेला वाटेत डायपर बदलला, पोहोचल्याबरोबर तिला कोमट पाण्याने धुतले, त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी कातडी अगदी स्वच्छ होती; तरीही तिसऱ्या दिवशी उंचवट्यांवर लाली आलीच. प्रवास कारण असता तर ती त्याच संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी दिसायला हवी होती. मग तिथे वेगळे काय होते, तर सांगलीत आम्ही दिवसाही बहुतेक वेळ डायपरच वापरत होतो आणि जतला मात्र सासूबाईंच्या आग्रहाने दिवसभर सुती लंगोट बांधले जात होते.

सासूबाई ते लंगोट स्वतः धूत. कपड्यांची पावडर कडक असते म्हणून त्या नातीसाठी मुद्दाम बाळाच्या अंघोळीचा सौम्य साबण वापरत आणि लंगोट परसात रणरणत्या उन्हात वाळवत. दोरीवरून काढलेला एक लंगोट मी हातात घेतला तेव्हा तो दुमडताना पापडासारखा कडकडला. मनात शंका आली म्हणून तोच लंगोट पितळी घंगाळात, पिण्याच्या गरम पाण्यात बुडवून चोळला, तर पाणी धुवट दुधासारखे पांढुरके झाले आणि काठाला बुळबुळीत साका बसला. घरातले बोअरचे पाणी इतके जड आहे की तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि बंबाच्या तळाशी चुन्याचा थर धरतो. अशा पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो, तो धाग्यात अडकतो आणि वाळल्यावर कापड खरखरीत होते. साबण जितका प्रेमाने अधिक लावला तितका साका अधिक. नातीची काळजी सर्वांत जास्त घेणाऱ्या माणसाच्या हातूनच हे होत होते, त्यामुळे ते सांगायचे कसे हा प्रश्न मला पुरळापेक्षा जड वाटला. शेवटी मी काही बोलले नाही, फक्त घंगाळ त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पाण्यात बोट बुडवून पाहिले आणि म्हणाल्या, “अगं बाई, एवढा साबण राहतोय होय यात!”

त्यानंतर तिथली पद्धत बदलली. जड पाण्यात साबणाच्या वडीपेक्षा कपड्यांची साधी, बिनवासाची पावडर बरी पडते, कारण तिचा तसा साका होत नाही. मात्र ती बेताची घ्यावी आणि लंगोट तीन पाण्यांतून काढावेत, त्यातले शेवटचे पाणी शक्य असल्यास नळाचे किंवा पिण्याचे असावे. वाळलेला लंगोट स्वच्छ गरम पाण्यात चोळून पाहण्याची परीक्षा कुणालाही घरी करता येते. पाणी गढूळले तर साका आहे, फेस आला तर पावडर राहिली आहे. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव्य त्यावर उपाय म्हणून वापरू नये. तेही कापडातच राहते. शेवटच्या पाण्यात जंतुनाशक द्रव टाकण्याची सवय बऱ्याच घरांत असते, तीही बाळाच्या कातडीला चुरचुर लावते. शीचे लंगोट आधी खळबळून मग गरम पाण्यात भिजवले आणि नीट उन्हात वाळवले तर वेगळे जंतुनाशक लागत नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या वाचकांची पावसाळ्यातली अडचण याच्या उलट असते, तिथे पाणी मऊ पण ऊन नाही. दमट राहिलेला लंगोट बांधण्यापेक्षा तो इस्त्रीने पुरता कोरडा करावा, आणि धुरीवर किंवा शेगडीवर वाळवणे टाळावे, कारण तो धूर बाळाच्या श्वासात जातो.

पुढच्या खेपेला असे धुतलेले लंगोट वापरले आणि कॅलेंडरवर ‘ज’पुढे ‘ल’ आला नाही.

‘पा’ची गोष्ट थोडक्यात आटोपते. माझे माहेर तासगावचे, तिथे घरोघरी बेदाणा, आणि बाळाला शी घट्ट झाली म्हणून आईने रात्री भिजवलेल्या बेदाण्यांचे पाणी सुरू केले होते. घट्टपणा गेल्यावरही ते रोज चालूच राहिले आणि दिवसाला एकदोनदा होणारी शी पाच-सहा वेळा होऊ लागली. पाणी बंद केले, आठवड्यात शी आणि पुरळ दोन्ही ताळ्यावर आले. परतणारे पुरळ असेल तर बाळाला नव्याने काय सुरू केले आहे याची उजळणी गुटीसकट करावी. खरी हगवण लागली असेल तर मात्र गोष्ट वेगळी; तेव्हा ओआरएस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या आधी, पुरळ नंतर. दोन्ही गोष्टी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडेही मिळतात.

दोन नावांचा घोटाळा

आता प्रतिजैविकानंतरचा ‘ल’. कानाच्या दुखण्यासाठी दिलेल्या औषधाने शरीरातले चांगले जीवाणूही कमी होतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते, त्यामुळे अशा औषधानंतर आठवडाभरात पुरळ उठले तर बुरशीचा विचार पहिल्यांदा करावा. आम्ही तो केला नाही. घाईच्या संध्याकाळी मी एका औषधाच्या दुकानात तक्रार सांगितली आणि तिथून मिळालेले मलम लावले. दुसऱ्याच दिवशी लाली निम्म्यावर आली, तिसऱ्या दिवशी जवळजवळ गेली, म्हणून मी ते थांबवले. पाचव्या दिवशी ती पहिल्यापेक्षा गडद होऊन घड्यांमध्ये उतरली आणि भोवती पुटकुळ्या दिसू लागल्या.

मिरजेच्या बालरोगतज्ज्ञांनी ती ट्यूब मागवून घेतली आणि मागची बारीक अक्षरे मला वाचायला लावली. त्यात क्लोट्रिमाझोल होते आणि क्लोबेटासोलही होते. ऐकायला ही नावे जुळ्या बहिणींसारखी, पण क्लोट्रिमाझोल बुरशी मारते आणि क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने लाली दबते म्हणून गुण आल्यासारखे वाटते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि खाली बुरशी वाढत राहते. डायपरच्या बंद आवरणाखाली ते औषध अधिक शोषले जाते, बाळाची कातडी पातळ पडू शकते आणि फार दिवस वापरल्यास ते रक्तातही पुरेसे उतरून अपाय करू शकते. असली तीन-तीन औषधे एकत्र केलेली मलमे आपल्याकडे सहज मिळतात आणि ‘एकच ट्यूब, सगळ्यावर चालते’ असे सांगून दिली जातात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा डेक्सामेथासोन यांपैकी एकही नाव दिसले तर ती बाळाच्या लंगोटाच्या जागी स्वतःच्या निर्णयाने कधीही लावू नये. डॉक्टर क्वचित सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मोजक्या दिवसांसाठी देतात, पण तो निर्णय त्यांनी बाळाला तपासून घ्यायचा असतो.

आम्हाला त्यांनी नुसते क्लोट्रिमाझोलचे मलम पातळ थरात दिवसातून दोनदा आणि त्यावर झिंक ऑक्साइडचा जाड थर असे सांगितले, आणि लाली पूर्ण गेल्यावरही काही दिवस ते चालू ठेवायला बजावले. परतणाऱ्या बुरशीचे निम्मे कोडे या शेवटच्या सूचनेत असते. डोळ्यांना दिसेनाशी झालेली बुरशी कातडीवरून गेलेली नसते, आणि पुरते बरे व्हायला एक ते दोन आठवडे लागू शकतात. त्यांनी बाळाचे तोंडही उघडून पाहिले. गालाच्या आत किंवा जिभेवर दुधाच्या सायीसारखे, पण पुसल्याने न निघणारे पांढरे चट्टे असतील तर तीच बुरशी तोंडातून शीवाटे खाली येत राहते, आणि आईच्या स्तनाग्रांना आग होत असेल तर तिच्यावरही उपचार करावे लागतात. नाहीतर आई आणि बाळ एकमेकांना ती परत करत राहतात.

रोजची निगा, आणि शेजारपाजारचे सल्ले

शी झाल्यावर साध्या कोमट पाण्याने धुवावे. रोज प्रत्येक वेळी साबण लागत नाही. पुसताना घासू नये, मऊ सुती कापड नुसते टेकवून पाणी टिपावे आणि घड्या कोरड्या झाल्याची खात्री करावी. दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे बाळाला दुपट्यावर उघडे खेळू द्यावे, दुपटे भिजले तर भिजू द्यावे. झिंक ऑक्साइडचे मलम भाकरीवर लोणी थापावे इतके जाड असावे. आमची मोठी चूक अशी होती, की प्रत्येक बदलाच्या वेळी आम्ही ते पांढरे मलम खसाखसा पुसून पुन्हा नव्याने लावत होतो, त्यामुळे जी नवी कातडी धरत होती तीच खरवडली जात होती. मळलेला वरचा थर तेवढा काढावा, खालचा चिकटलेला राहू द्यावा. काढायचाच असेल तर खोबरेल तेलात भिजवलेल्या कापसाने काढावा.

डायपरच वाईट, हे म्हणणे पुरते खरे नाही. आतील चांगली जेल शू शोषून त्वचेपासून दूर ठेवते, आणि रात्री सुती लंगोटावर प्लास्टिकची चड्डी घालण्यापेक्षा डायपर बरा पडतो. प्रश्न किती वेळ ठेवला याचा असतो. पुरळ असताना दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि रात्री निदान एकदा तो बदलावा, आणि मांडीवर इलॅस्टिकचे खोल वळ उमटत असतील तर वरचा आकार घ्यावा.

हळदीचा सल्ला सांगलीत न मागताही मिळतो, ते साहजिकच आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली हळद आमच्या बाजारपेठेची ओळख आहे. “लाव की गं चिमूटभर, काय होतंय,” असे मला किमान सहा जणींनी सांगितले. पण सोललेल्या कातडीवर ती खरबरीत पूड घासली जाते, आणि पिवळ्या रंगाखाली लाली वाढते आहे की उतरते आहे हे कळतच नाही. डाळीच्या पिठाने अंग चोळणाऱ्या मावशींना पुरळ असेपर्यंत कंबरेखाली पीठ लावू देऊ नये. घडीत राहिलेले पीठ ओले होऊन तिथेच आंबते. टाल्कम पावडर श्वासात जाण्याची भीती असते म्हणून ती नको, आणि बोरिक पावडर तर घरात असेल तर फेकून द्यावी, कारण सोललेल्या कातडीतून ती शरीरात उतरून तान्ह्या बाळांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. खोबरेल तेल अखंड कातडीवर चालते, पण त्याचा पातळ थर पहिल्याच शूबरोबर निघून जातो, म्हणून पुरळ असताना त्यावर विसंबू नये.

डॉक्टरांकडे कधी जावे

वरील सगळे नीट करूनही तीन दिवसांत उतार पडला नाही, ताप आला, पाण्याचे फोड, पू किंवा रक्त दिसले, पुरळ पोटावर वा पाठीवर पसरू लागले, किंवा बाळ महिनाभराच्या आतले असेल, तर वाट पाहू नये. लंगोटाच्या जागेबरोबरच तोंडाभोवती आणि हातापायांवरही तसेच चट्टे असतील, सोबत हगवण असेल आणि केस विरळ होत असतील, तर शरीरातील जस्ताची कमतरता तपासावी लागते. अंगावरचे दूध सुटल्यानंतरच्या दिवसांत ती कधीकधी उघड होते. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब बरोबर न्याव्यात, पुरळ सर्वांत वाईट असतानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, आणि त्या दिवशी सकाळी झिंकचे मलम लावू नये, कारण तो पांढरा थर पुसून काढताना बाळही रडते आणि घडीत काय आहे ते डॉक्टरांना दिसतही नाही.